फुरसुंगीचा पोरगा

मागच्या महिन्यात जेवताना आमच्या धाकटीनं एक प्रश्न विचारला आणि माझा घास हातातच राहिला.

"बाबा, फुरसुंगी म्हणजे तेच ना, कचरा डेपो?"

आम्ही राहतो हडपसरला. गाडीतळावरून सासवड रोडला लागलं की सहा-सात किलोमीटरवर फुरसुंगी. त्यामुळे प्रश्न काही चुकीचा नव्हता. इथल्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून "फुरसुंगी" म्हणा, तो आधी नाक मुरडेल आणि मग डोळे उघडेल. पण त्या दिवशी धाकटीच्या हातात जे पुस्तक होतं त्याच्या कव्हरवर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं : "फुरसुंगीचा फास्टर फेणे". आणि ते पुस्तक मीच तिला मोठ्या कौतुकानं दिलं होतं.

चाळिशी ओलांडलेल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. तरुण मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. भा. रा. भागवत नावाचे एक लेखक होऊन गेले. जन्म १९१०, निधन २००१. ज्यूल व्हर्न मराठी मुलांना ओळखीचा झाला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. त्यांनी मुलांसाठी ढिगानं लिहिलं, आणि त्या ढिगातली सगळ्यात लाडकी वीस पुस्तकं म्हणजे फास्टर फेणे मालिका. बनेश फेणे, ऊर्फ बन्या. गाव फुरसुंगी, शाळा पुण्यातलं विद्या भवन. अंगानं काडी. सायकल अशी हाणतो की नावच पडलं फास्टर. आणि काही भानगडीचं दिसलं, डोक्यात काही चमकलं, की तोंडातून आवाज काढतो : ट्टॉक!

बस, एवढंच भांडवल. ना गॅजेट, ना जादूची कांडी, ना श्रीमंत बाप. एक सायकल, एक जीभ आणि नको तिथं नाक खुपसायची सवय. एवढ्या भांडवलावर हा पोरगा प्रतापगडावर जातो, काश्मीरला जातो, गुलमर्गला जातो, चक्रीवादळात सापडतो, विमानचोरांच्या मागे लागतो. मोठी माणसं शहाणपण सांगत बसतात तोवर ह्याचा कारभार उरकलेला असतो. वाचताना एका पानावर पोटात गोळा येतो आणि पुढच्या पानावर हसू फुटतं. मधे मधे काळ्या रेघांची चित्रं.

मी हे वाचलं ते करमाळा तालुक्यात. जिल्हा परिषदेची शाळा, दोन खोल्या, एक व्हरांडा. गुरुजींच्या टेबलाखाली एक पत्र्याची पेटी असायची. शनिवारी सकाळची शाळा सुटताना ती उघडायची. पुस्तकं चाळीस असतील-नसतील, पोरं शंभरावर. फास्टर फेणेची तीन पुस्तकं होती आणि त्यावर मारामाऱ्या होत. एकाची शेवटची दहा-बारा पानं गायब. त्यामुळे आमच्या अख्ख्या वर्गाला बन्या त्या गोष्टीतून कसा सुटला ते माहीतच नव्हतं. आम्ही प्रत्येकानं आपापला शेवट तयार केला होता. माझ्या शेवटात विहीर होती, कारण माझ्या आयुष्यात तेव्हा सगळ्यात मोठी साहसाची जागा विहीरच होती.

त्या वयात माझ्या डोक्यात पुण्याचा नकाशा होता तो असा : मधे शनिवारवाडा, एका बाजूला विद्या भवन आणि दुसऱ्या बाजूला फुरसुंगी. मुंबई-दिल्लीपेक्षा मला फुरसुंगीला जायचं होतं. का? तर माझ्यासारखाच खेड्यातला पोरगा, माझ्यासारखाच किडकिडीत, आणि त्याच्या गावाचं नाव पुस्तकाच्या कव्हरवर. आमच्या गावाचं नाव तोवर मी फक्त दोन ठिकाणी छापलेलं बघितलं होतं : एसटीची पाटी आणि रेशनकार्ड.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नोकरीसाठी पुण्यात आलो. पहिल्याच आठवड्यात एका बसवर पाटी दिसली, "फुरसुंगी". काम काहीही नव्हतं. बसलो. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" मी म्हटलं, "फुरसुंगी." त्यानं विचारलं, "गाव का फाटा?" आता बन्या गावात राहायचा का फाट्यावर, मला काय माहीत! गाव म्हणालो. खिडकीशी बसून चोवीस वर्षांचा घोडा मी बाहेर बघत होतो, की एखादा काडीपैलवान सायकलवरून जाताना दिसेल.

दिसला नाही. आधी वास आला.

त्या वासाबद्दल मी नव्यानं काय सांगणार? उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी पुण्याचा कचरा कसा आला, वर्षानुवर्षं उघड्यावर डोंगर कसे साठले, विहिरी कशा नासल्या, टँकरची वाट बघण्यात बायकांच्या सकाळी कशा गेल्या, हे इथल्या लोकांनी मोर्चात, कोर्टात, रस्त्यावर बसून हजारदा सांगितलंय. आपण सगळे त्यात सामील आहोत. मीसुद्धा. माझ्या घरातली केळ्याची सालं वर्षानुवर्षं बन्याच्या गावाला गेली.

आता २०१७ हे एक साल बघा. त्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी तीनेक आठवडे कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. सगळ्या शहरात ढीग लागले, तेव्हा शहराला कळलं की फुरसुंगी नावाचं गाव आहे आणि तिथं माणसं राहतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अकरा गावं पुणे महापालिकेत घेतली, त्यात फुरसुंगी आणि उरुळी देवाची होती. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस थिएटरला सिनेमा लागला, "फास्टर फेणे"! अमेय वाघ बन्या, दिलीप प्रभावळकर साक्षात भा. रा. भागवत. मी सहकुटुंब गेलो. सिनेमा झकास होता, उगाच नावं ठेवणार नाही. पण त्यातला बन्या मोठा झालेला. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला पुण्यात आलेला, एका घोटाळ्यामागे लागलेला. माझ्या मोठ्या मुलाला आवडला. धाकटी तेव्हा फार लहान होती, मध्यंतरातच झोपली.

थिएटरमधून बाहेर पडताना एक गोष्ट मात्र खटकली. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवननं बन्या केला तेव्हा तो मुलगा होता, पडद्यासमोर बसलेल्या पोरांच्याच वयाचा. आता पोरगा मोठा करावा लागला, कारण तिकीट काढणारे आम्ही मोठे झालो होतो. आमचं लहानपण आम्ही आमच्यासाठी परत बनवून घेतलं. आत्ता जी पोरं दहा-बारा वर्षांची आहेत त्यांना काय?

तर परत धाकटीकडे येऊ.

ती सहावीत आहे, शाळा इंग्रजी माध्यमाची. वाचत नाही असं अजिबात नाही. इंग्रजीतली ती "विम्पी किड"ची डायरी तिनं इतकी वाचलीय की पाठीचा कणा मोडलाय. पुस्तकाच्या. पानापानावर चित्रं, वात्रट विनोद, एकातून दुसऱ्यात ओढत नेणारी मालिका. मी वाचून बघितली. मला हसू आलं. तेव्हा "आजकालची मुलं वाचत नाहीत" हे रडगाणं मी गाणार नाही. मुलं वाचतात. आपण त्यांच्यापुढे काय ठेवतो ते बघायचं.

मराठीत तीन ते सात वर्षांच्या पोरांसाठी आज खरोखर सुंदर चित्रपुस्तकं निघतात. मोठ्यांसाठी तर कादंबऱ्यांना तोटा नाही. अडचण आहे ती मधल्या वयाची. आठ ते तेरा. ह्या वयात पोरगं घराबाहेर पडायला बघतं, आईबापावर हसायला शिकतं, त्याला रहस्य पाहिजे असतं, पळापळ पाहिजे असते, आणि चित्रंही पाहिजे असतात, फक्त "बाळाची" नकोत. ह्याच वयात वाचनाची सवय लागते, नाहीतर सुटते. बालभारतीचं "किशोर" मासिक १९७१ पासून ह्या वयासाठी निघतंय आणि त्याचे जुने अंक नेटवर फुकट वाचता येतात, हे चांगलंच आहे. पण मालिकेची नशा वेगळी. एक संपलं की दुसरं कुठंय, ही जी तळमळ असते ना, ती फास्टर फेणेनं आम्हाला लावली.

म्हणून मी माझ्याकडची जुनी प्रत काढून दिली. शिवण सुटलेली, मी डिंकानं चिकटवलेली.

पहिली प्रतिक्रिया : "बाबा, फॉन्ट किती बारीक आहे."

दुसरी : "ह्यात मुली कुठायत?" ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आहेत, पण फारच थोड्या. पोरीचा मुद्दा बरोबर होता.

तिसरी प्रतिक्रिया, मागच्या पानावरची यादी बघून : "टिक टॉक फास्टर फेणे? हा टिकटॉकवर होता?" मी म्हटलं, अगं, टिकटॉक काढणारे जन्मले नसतील तेव्हाचं पुस्तक आहे ते.

चौथी प्रतिक्रिया दोन दिवसांनी आली, आणि ती मला सगळ्यात जास्त लागली. "बाबा, हा एकटाच कसा काय कुठंही जातो? ह्याच्या आईला लोकेशन कसं कळायचं?"

आणि पाचवी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितली. कचरा डेपोवाली.

मी म्हटलं, चल. रविवारी सायकलवर फुरसुंगीला जाऊ. बन्या जायचा तसं. हिनं स्वयंपाकघरातून विचारलं, "डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, सहा-सात किलोमीटर तर आहे. ही म्हणाली, "किलोमीटर नाही मोजत मी, डंपर मोजते."

तिचं बरोबर होतं. सकाळी सातला निघालो. गाडीतळाच्या पुढे सासवड रोडवर रविवार असूनही टँकर, डंपर, बस, कंपन्यांच्या गाड्या. सायकलला जागा म्हणजे डांबर संपतं आणि खडी सुरू होते ती एक वीत. भेकराईनगरच्या अलीकडे मागून एका टँकरनं असा हॉर्न दिला की पोरगी सायकलवरून उतरलीच. पडली नाही, पण चेहरा पांढरा. पुढचा अर्धा तास आम्ही सायकली हातात धरून चाललो. ह्याच रस्त्यानं ज्ञानोबांची पालखी जाते, लाखो माणसं पायी जातात, तेव्हा वाटतं रस्ता माणसांचा आहे. एरवी वर्षभर तो कुणाचा आहे ते चालून बघा.

त्या अर्ध्या तासात मला धाकटीच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. बन्या शूर होता हे खरंच. पण त्याच्या शौर्याच्या खाली एक साधी गोष्ट होती, जी लेखकाला लिहायचीही गरज पडली नाही. बारा-तेरा वर्षांचं पोरगं एकटं सायकल घेऊन निघालं तर ते संध्याकाळी घरी येईल, हे सगळ्यांनी धरलेलं होतं. पुणं तेव्हा सायकलींचं शहर होतं. आज आपण पोरांना म्हणतो, मोबाईल सोड, बाहेर जा. बाहेर म्हणजे कुठं? त्या एका वीतभर खडीवर?

पुढे माझ्याच सायकलचं चाक बसलं. फाट्याजवळ एक पंक्चरचं दुकान सापडलं. पत्र्याची टपरी, टायरांची माळ, पाण्याचं घमेलं. दुकानदार बाहेर कुणाच्यातरी ट्रॅक्टरशी झटत होता. आत त्याचा पुतण्या. असेल बारा-तेराचा. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही, चाक काढलं, ट्यूब ओढली, पाण्यात दाबली. बुडबुडे आले. "दोन हायती, काका," म्हणाला, आणि कामाला लागला.

धाकटी पाठीवरच्या पिशवीतून पुस्तक काढून बसली होती. त्याची नजर कव्हरवर गेली. कानस हातात तशीच धरून त्यानं वाचलं.

"फुरसुंगीचा... ह्ये आमचं फुरसुंगी?"

"हो," धाकटी म्हणाली.

"पुस्तकात?" आणि मग जरा थांबून, अगदी सरळ आवाजात : "कचऱ्याचं हाय का?"

मंडळी, मी हे विनोदी लिहायला बसलो होतो. इथं मला विनोद सुचत नाही. आमच्या पोरीनं आठवड्यापूर्वी जो प्रश्न विचारला, तोच त्या गावच्या पोरानं विचारला. तिचा प्रश्न ऐकून माझा घास अडकला होता. ह्याचा ऐकून मान खाली गेली. बारा वर्षांच्या पोराला आपल्या गावाचं नाव छापलेलं दिसतं आणि त्याच्या मनात पहिली गोष्ट ती येते. कारण त्यानं गावाचं नाव पेपरात वाचलं ते त्याच कारणानं. मला माझं रेशनकार्ड आठवलं. माझ्या गावाचं नाव कुठंच नव्हतं, ते परवडलं.

धाकटी म्हणाली, "नाही रे. एक मुलगा आहे. हीरो. तो इथला आहे."

"इथला? आडनाव काय?"

"फेणे."

त्यानं बाहेर ओरडून विचारलं, "चुलते, आपल्यात फेणे कोण हायती का?" चुलत्यानं ट्रॅक्टरखालून उत्तर दिलं, "कुणी पैसं मागाय आलंय का?"

मग धाकटी त्याला वाचून दाखवायला लागली. आणि अडखळायला लागली. तिला मराठी बोलता झकास येतं, पण वाचायचं म्हणजे जोडाक्षराशी गाडी थांबते. पोरगा ट्यूबला सोल्युशन लावता लावता ऐकत होता. दुसऱ्यांदा अडखळल्यावर त्यानं मान वाकडी करून पानात बघितलं आणि शब्द सांगितला. तिसऱ्यांदा परत सांगितला. चौथ्या वेळी हात फडक्याला पुसले, "आण हिकडं," म्हणाला, आणि स्वतःच वाचायला लागला. घडाघडा. एका पानाच्या शेवटी थांबून त्यानं जीभ टाळ्याला लावून आवाज काढून बघितला. पहिल्यांदा जमला नाही. दुसऱ्यांदा जमला. ट्टॉक! धाकटी हसली. मग तिनंही काढला. पंक्चर तसंच राहिलं.

मी बघत होतो. हिच्याकडे पुस्तक होतं, त्याच्याकडे वाचन होतं. हिच्याकडे फास्टर फेणे पोचला कारण बापाच्या कपाटात होता. त्याच्याकडे, त्याच्या स्वतःच्या गावात, पोचला नव्हता.

चाक झालं. पैसे दिले. निघताना त्यानं विचारलं, "काका, ह्ये कुठं मिळतं?"

इथं मी माझी लाज सांगतो. माझ्या तोंडातून पटकन निघालं, "अप्पा बळवंत चौकात." चाळीस वर्षं जपलेली प्रत. डिंक लावलेली. ती द्यायचा विचार माझ्या मनात आला होता, नाही असं नाही, पण मी तो दाबला. पंक्चरच्या दुकानातलं पोरगं आता बस धरून अप्पा बळवंत चौकात जाणार आणि पुस्तक विकत घेणार! धाकटीनं माझ्याकडे असं बघितलं की त्या नजरेला मराठीत शब्द नाही. तिनं पुस्तक त्याच्या हातात दिलं. "वाचून झालं की दे. आम्ही परत येऊ." मी काहीच बोललो नाही.

तीन आठवड्यांनी गेलो, ह्या वेळी स्कूटरवर. पुस्तक टपरीत नव्हतं. पोरगा म्हणाला, "थांबा, ते आत्ता दुसऱ्याकडं हाय." पळत गेला, दहा मिनिटांनी घेऊन आला. पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घातलेलं. आणि आत, शेवटच्या कोऱ्या पानावर, पेन्सिलीनं नावं. नऊ नावं. प्रत्येकाच्या पुढे तारीख, घेतल्याची आणि दिल्याची. त्यात तीन मुली होत्या. चौथ्या नंबरच्या नावापुढे कंसात लिहिलेलं : "उशीर केला".

नऊ पोरं. तीन आठवडे. एक फाटकं पुस्तक.

आता मुद्द्याचं.

मध्यंतरी मी आमच्या बाजूच्या एका वाचनालयात गेलो होतो. नाव घेत नाही, कारण बरीचशी अशीच आहेत. बालविभाग कुठंय विचारलं. एका कपाटाकडे बोट दाखवलं. कुलूप. किल्ली कुणाकडे? जे येतात गुरुवारी त्यांच्याकडे. "मुलं येतच नाहीत हो," ते गृहस्थ मनापासून वाईट वाटून म्हणाले. माणूस भला होता, पगार तुटपुंजा, त्यांना काय बोलणार? पण काचेतून मला आत दिसत होतं. फास्टर फेणे होता. कुलपात. बन्या आजवर कितीतरी गुंडांच्या तावडीतून सुटला, ह्या कपाटातून सुटायचं त्याला जमेना.

महाराष्ट्राला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, १९६७ पासूनचा. अ, ब, क, ड वर्ग आहेत, अनुदान आहे. १५ ऑक्टोबरला आपण वाचन प्रेरणा दिन करतो, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन करतो. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले. सगळं चांगलं आहे. पण मराठीचा दर्जा मी त्या दिवशी त्या टपरीत बघितला. सोल्युशनचे हात पुसून "आण हिकडं" म्हणणारं पोरगं, तो दर्जा. त्याला प्रमाणपत्र नको होतं. पुस्तक पाहिजे होतं.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची आता महापालिकेतून बाहेर पडून स्वतंत्र नगर परिषद झालीय. तुम्ही म्हणाल, आधी पाणी, आधी ड्रेनेज, आधी रस्ता, आणि ह्याला पुस्तकाचं पडलंय. मान्य. आधी पाणीच. एका दिवसाचंही पाणी थांबवून पुस्तक घ्या असं मी म्हणत नाही. पण वीस पुस्तकांच्या दोन संचांना पैसे किती लागतात? फाट्यावर वाढदिवसाचे जे फ्लेक्स लागतात त्यातल्या दोन-चारांचे. आणि त्याला टेंडर लागत नाही, भूसंपादन लागत नाही, कोर्टाची तारीख लागत नाही. एक खोली, एक सतरंजी, कुलूप नसलेलं कपाट आणि पेन्सिल बांधलेली वही. वही सांभाळायला माणूस नको, पोरं सांभाळतात. "उशीर केला" हेही तीच लिहितात.

गावाचं नाव नासवायला आपल्या सगळ्या शहराचा हात लागला. ते नाव मराठी पोरांच्या मनात आधी एका लेखकानं चांगल्या कारणानं नेऊन ठेवलं होतं. फुरसुंगीला मिळालेली ती एकमेव गोष्ट अशी आहे की जी शहरानं फेकलेली नाही. ती तरी त्या गावच्या पोरांच्या हातात असू दे.

म्हणून मी आणि चार मित्रांनी ठरवलंय. नवीन पुस्तकं आम्ही विकत घेतोय. तीन ठिकाणी ठेवणार : ती पंक्चरची टपरी (चुलत्यांनी परवानगी दिलीय, अट एकच, "पावती फाडायची न्हाई"), एक देवळाची ओसरी आणि एका बाईंचं शिवणकामाचं दुकान. फास्टर फेणेच पाहिजे असं नाही. आठ ते तेरा वयाला चालेल, हसवेल, पळवेल असं काहीही चालेल. मुली असलेलं असेल तर आधी द्या, आमच्या घरी तशी सक्त ताकीद आहे.

तुमच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, मुलं परदेशी गेलेल्या घरातल्या कपाटात अशी पुस्तकं पडून असतील. जपून ठेवलीत हे मला कळतं, मीही जपून ठेवलं होतं. जपलं म्हणजे काय केलं, तर चाळीस वर्षांत एकानं वाचलं. तीन आठवडे सोडलं तर नऊ जणांनी.

लाइक, शेअर करा, त्याला ना नाही. पण जमलं तर एक पुस्तक काढून ठेवा. हडपसर, भेकराईनगर, फुरसुंगी, उरुळी ह्या भागात मी येऊन घेऊन जाईन. स्कूटरवर. सायकलवर यायची हिंमत अजून होत नाही. त्या रस्त्याबद्दल वेगळी पोस्ट लिहीन, तेव्हा सह्या लागतील.

जाता जाता एक. करमाळ्याच्या पेटीतल्या त्या पुस्तकाची शेवटची पानं. मागच्या आठवड्यात नवीन संच हातात आला तेव्हा ते पुस्तक त्यात होतं. पन्नाशीतला माणूस, रात्री साडेअकराला, स्वयंपाकघरात उभ्यानं शेवट वाचत होतो. बन्या कसा सुटतो ते सांगणार नाही. विहीर मात्र नव्हती.